टाइमकोड लावूनही अंक संपता संपता आवाज का सरकतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यातल्या तपशिलांतच निम्मं उत्तर आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही एका संगीत नाटकाचा प्रयोग तीन कॅमेऱ्यांवर चित्रित केला, दोन मिररलेस आणि एक सिने-कॅमेरा. आवाज वेगळ्या, आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर घेतला. नवे टाइमकोड बॉक्स, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच वेळ पुरवणारी छोटी घड्याळं, आणून चारही यंत्रांना लावले, सगळीकडे सेकंदाला २५ फ्रेम ठेवल्या. मिररलेसना टाइमकोडची खाच नाही, म्हणून त्यांना तो माइकच्या खाचेतून दिला. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला तिन्ही कॅमेरे चोख जुळले. सव्वा तासाने अंक संपत आला तेव्हा एका मिररलेसमध्ये आवाज ओठांच्या साडेचार फ्रेम मागे, दुसऱ्यात फ्रेमभर पुढे आणि सिने-कॅमेऱ्यात ठीक. मध्यंतरानंतर पुन्हा सगळं जागेवर आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी पुन्हा तीच गत. बॉक्स सदोष आहेत का, ते परत करून महागडे घ्यावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

बॉक्स परत करू नका. ते त्यांचं काम बरोबर करत आहेत आणि त्याचा पुरावा तुमच्याच वर्णनात आहे. मध्यंतरानंतर कॅमेरे नव्याने चालू केले आणि सगळं जागेवर आलं. बॉक्स सरकले असते तर दुसरा अंक सुरुवातीपासूनच चुकला असता. बॉक्सांतल्या घड्याळाचं एकमेकांशी जमतं आहे. जमत नाही ते कॅमेऱ्यांच्या आतल्या घड्याळांचं, आणि त्या घड्याळांना टाइमकोड हात लावत नाही.

आपल्या कामात ही गैरसमजूत फार पसरलेली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

दोन यंत्रांची जुळणी म्हणजे खरं तर दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, ही फाइल नेमकी कधी सुरू झाली? दुसरा, सुरू झाल्यावर ती कोणत्या वेगाने पुढे गेली? टाइमकोड पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. फाइलच्या पहिल्या फ्रेमवर तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा शिक्का बसतो. रेकॉर्डरच्या वेव्ह फाइलमध्ये तर तो शिक्का म्हणजे फक्त एक आकडा असतो, मध्यरात्रीपासून किती सॅम्पल (आवाजाचे नमुने) झाले तेव्हा ही फाइल सुरू झाली, एवढाच. त्यानंतर रेकॉर्डर आपल्या क्रिस्टलच्या, म्हणजे आतल्या घड्याळाला चाल देणाऱ्या स्फटिकाच्या, ठोक्यावर सेकंदाला ४८,००० सॅम्पल मोजत जातो आणि कॅमेरा आपल्या क्रिस्टलच्या ठोक्यावर सेकंदाला २५ फ्रेम. दोघांचा सेकंद तंतोतंत सारखा नसतो. सव्वा तासात तो फरक साचत जातो आणि ओठांवर दिसायला लागतो.

माझ्या गुरूंनी नाग्रा या टेप रेकॉर्डरवर टेप फिरवत काम केलं होतं. त्या काळात हे दोन प्रश्न यंत्रातच वेगळे होते. कॅमेऱ्याच्या मोटरकडून ५० हर्ट्झचा पायलट सिग्नल केबलने नाग्राकडे यायचा आणि टेपवर आवाजासोबत नोंदला जायचा. हे वेगाचं उत्तर. पुढे आवाज छिद्रांच्या मॅग्नेटिक फिल्मवर उतरवताना त्या पायलटवरून वेग सांभाळला जायचा. आणि शॉटच्या आधी वाजणारी क्लॅप हे जागेचं उत्तर. पायलट विसरला तर नुसत्या क्लॅपवर दहा मिनिटांचं रीळ निभत नाही, हे त्या पिढीला हाडामांसात माहीत होतं. आज बॉक्स विकत घेताना आपण क्लॅप विकत घेतो आणि पायलटही त्यातच आला असं धरून चालतो.

आता तुमचे आकडे घेऊ. २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. साडेचार फ्रेम म्हणजे १८० मिलिसेकंद, आणि सव्वा तास म्हणजे ४५०० सेकंद. भागाकार केला की दहा लाखात ४० भाग इतका फरक निघतो. क्रिस्टलचा नेमकेपणा याच मापाने, पीपीएममध्ये, सांगतात. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात दहा-वीस-चाळीस भाग इकडेतिकडे होणं नेहमीचंच. म्हणजे तुमचा मिररलेस बिघडलेला नाही. दुसरा साधारण ९ पीपीएमने उलट्या दिशेला आहे, तो तर चांगलाच म्हणायचा. टाइमकोड बॉक्सांत आणि बऱ्या फील्ड रेकॉर्डरांत तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल असतो. टेंटॅकल सिंकच्या बॉक्सचा दावा २४ तासांत एका फ्रेमपेक्षा कमी घसरणीचा आहे, म्हणजे अर्धा पीपीएमही नाही. झूम एफ८एन किंवा एफ६ या रेकॉर्डरांचा टाइमकोड ०.२ पीपीएमचा आहे. अशी दोन यंत्रं शेजारी ठेवली तर तीन तासांत त्यांच्यात काही मिलिसेकंदांचाच फरक पडेल, तो कुणालाही दिसणार नाही. त्याहून महाग बॉक्स घेतला तरी तुमच्या कॅमेऱ्यातला क्रिस्टल तोच राहणार आहे.

टाइमकोडची खरी खाच असलेला कॅमेरा घेतला तर? त्यानेही हे सुटत नाही. खाचेतून येणारा टाइमकोड कॅमेऱ्याला वेळ सांगतो, पण सेन्सर कधी उघडायचा हे कॅमेरा स्वतःच्या क्रिस्टलवरच ठरवतो. तुमचा सिने-कॅमेरा जागेवर राहिला याचं श्रेय त्याच्या खाचेला देऊ नका, त्याचा क्रिस्टल बरा आहे. वेगही बांधायचा असेल तर जेनलॉक लागतो, म्हणजे एकाच सिंक जनरेटरच्या ठोक्यावर सगळे कॅमेरे चालवणं. क्रिकेटच्या प्रक्षेपणात ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर उभ्या प्रक्षेपणाच्या गाडीत, हेच चालतं. आपल्या भाड्याच्या मिररलेस कॅमेऱ्यांना जेनलॉकची खाच नसते, तेव्हा ती वाट सध्या सोडून देऊ.

मग काय करायचं? आधी हाताशी असलेल्या फुटेजचं बघू, कारण प्रयोग होऊन गेला आहे आणि तुम्हाला एडिट द्यायचा आहे.

आवाजाला हात लावू नका. संगीत नाटकात आवाज हाच मालक. ऑर्गन, तबला आणि गळा यांचा सलग ट्रॅक एकसंध ठेवा आणि चित्र त्याच्याशी जुळवा. चित्रातली एक फ्रेम गेली किंवा वाढली तर कुणाला कळत नाही, पण तानेच्या मध्ये ४० मिलिसेकंद गेले तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

तुमच्या मागे पडणाऱ्या मिररलेसमध्ये आवाज उशिरा येतो. याचा अर्थ तो कॅमेरा जरा सावकाश चालला, खऱ्या वेळेपेक्षा कमी फ्रेम नोंदवल्या आणि त्याची क्लिप तेवढी आखूड झाली. साडेचार फ्रेम ७५ मिनिटांत, म्हणजे साधारण दर १७ मिनिटांना एक फ्रेम. टाइमलाइनवर त्या कॅमेऱ्याची क्लिप दर १७ मिनिटांच्या आसपास कापा आणि पुढचा सगळा तुकडा एक फ्रेम उजवीकडे ढकला. कापायची जागा अशी निवडा, जिथे तुमच्या एडिटमध्ये पडद्यावर दुसरा कॅमेरा आहे. तीन कॅमेऱ्यांच्या नाटकात अशा जागा दर मिनिटाला सापडतात. फ्रेमभराची फट कुणाच्या नजरेलाच पडत नाही. दुसऱ्या मिररलेसला पूर्ण अंकात एकदाच कापून एक फ्रेम डावीकडे आणायची आहे. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही कॅमेरे एकत्र बांधून मल्टिकॅम क्लिप केली असेल तर ती टाइमलाइनमध्ये उघडून आतच हे कापून घ्या, बाहेरचे कट जसेच्या तसे राहतात. दोन कॅमेऱ्यांचे दोन अंक मिळून अर्ध्या तासाचं काम आहे.

क्लिपचा वेग किंचित बदलून हे का करू नये, असंही तुमच्या मनात आलं असेल. ४० पीपीएम म्हणजे ०.००४ टक्के. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेगाच्या चौकटीत दशांशानंतर दोनच स्थळं चालतात. म्हणजे कमीत कमी बदल ०.०१ टक्क्याचा, तुम्हाला हव्या त्याच्या अडीचपट. साडेचार फ्रेमची चूक सुधारायला जाऊन उलट्या बाजूला पावणेसात फ्रेमची चूक हाती येईल.

एकाच कॅमेऱ्याचं सलग, न कापता द्यायचं चित्रीकरण असेल तर मात्र हिशेब उलटा. तिथे कॅमेरा बदलायला जागा नसते, म्हणून मी आवाज बदलतो. रीपरसारख्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकचा दर दशांशाच्या बऱ्याच स्थळांपर्यंत देता येतो. तिथे स्वर जपण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे साधा टेपसारखा वेग बदलतो आणि आवाजाचा पोत बिघडत नाही. स्वर हलेल अशी भीती बाळगू नका. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर ४० पीपीएमने स्वर ०.०७ सेंटने सरकतो. श्रुतींचा कान असलेल्या माणसालाही ते ऐकू येणार नाही.

हा उपाय धरण्याआधी एक खात्री करून घ्या. घसरण खरोखर क्रिस्टलचीच आहे ना? हे मी असं ओळखतो. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर ती घसरण नव्हे, एक ठरलेलं अंतर आहे. सगळी क्लिप एकदाच सरकवली की विषय मिटला. काही कॅमेरे माइकच्या खाचेतून आलेला टाइमकोड एखाद-दुसऱ्या फ्रेमच्या फरकाने नोंदवतात, त्यातून हे होतं. फरक तासाला काही फ्रेम अशा चालीने समान वाढत असेल तर क्रिस्टल. फरक तासाला ३.६ सेकंद इतका मोठा असेल तर क्रिस्टलचा काही संबंध नाही, कुठेतरी २३.९७६ आणि २४ किंवा २९.९७ आणि ३० यांची सरमिसळ झाली आहे. त्या जोड्यांतला फरक ०.१ टक्का असतो आणि एका तासाचा ०.१ टक्का म्हणजे ३.६ सेकंद. फरक मध्येच वाढतो, मध्येच कमी होतो, त्याला काही चालच नाही, असं असेल तर कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं आहे. मोबाइलचं नेहमीचं कॅमेरा अॅप फ्रेमचा दर प्रकाशाप्रमाणे कमीजास्त करतं. अशी फाइल आधी स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्यावी लागते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात चपखल बसतं, म्हणून मी एवढ्या खात्रीने बोलतो आहे.

खात्रीची आणखी एक युक्ती आहे. कॅमेऱ्यात चित्रासोबत नोंदलेला आवाज त्या चित्राशी कायम जुळलेला असतो, कारण दोघांचं घड्याळ एकच. तो आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज एकत्र वाजवा. सुरुवातीला किंचित दुहेरी ऐकू येईल, ते अंतरामुळे. शेवटाकडे तेच दुहेरी वाढून स्पष्ट प्रतिध्वनीसारखं झालं, तर वाढलेला भाग घसरणीचा.

अंतराचा विषय आलाच आहे, तर नाट्यगृहात फार लोक जिथे फसतात ते सांगतो. टाइमकोड सोडून दोन्हीकडच्या आवाजाच्या लाटा जुळवून सिंक करायचा सल्ला तुम्हाला कुणी तरी देईलच. रिझॉल्व्हमध्ये तशी सोय आहे आणि खोलीतल्या मुलाखतीला ती उत्तम चालते. पण पुण्यातल्या बालगंधर्वसारख्या रंगमंदिरात मागच्या कॅमेऱ्यापर्यंत ध्वनी २० मीटर चालून येतो असं धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. म्हणजे कॅमेऱ्याच्या माइकवर तो ५८ मिलिसेकंद, जवळपास दीड फ्रेम उशिरा पोचतो. प्रकाश तत्क्षणी येतो. सॉफ्टवेअर रंगमंचावरच्या माइकचा आवाज त्या उशिरा आलेल्या आवाजाशी इमानेइतबारे जुळवतं आणि तुमचा आवाज चित्राच्या दीड फ्रेम मागे जातो. पुढे पायाशी लावलेल्या कॅमेऱ्यात हीच चूक जेमतेम चतुर्थांश फ्रेमची असते. मग मागच्या कॅमेऱ्यातून पुढच्यावर कट केला की गाणाऱ्याचे ओठ उडी मारतात. मागून टेलीलेन्सने तबल्याचा क्लोजअप घेतला असेल तर थाप आणि बोट वेगळं दिसतं. टाइमकोडला या अंतराशी देणंघेणं नाही, म्हणून मोठ्या सभागृहात मी लाटांपेक्षा टाइमकोडवर विसंबतो.

किती फरक चालतो, याचे प्रक्षेपणाच्या क्षेत्रात मान्य आकडे आहेत. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी १३५९ या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाच्या लक्षात यायला लागतं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कारण जगात आवाज नेहमी उशिराच पोचतो, आपल्याला त्याची सवय आहे. आवाज आधी येणं निसर्गात घडतच नाही. म्हणून दुविधेत असाल तर अर्धी फ्रेम मागे ठेवा, पुढे कधीच नको. माझा स्वतःचा निकष याहून कडक आहे. बोलण्याला एक फ्रेम चालवून घेतो, तबल्याला आणि टाळीला अर्धीही नाही.

आता पुढच्या प्रयोगाविषयी. सगळ्यात परिणामकारक उपाय फुकट आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग अधूनमधून थांबवून लगेच चालू करा. नवी क्लिप सुरू झाली की तिच्यावर बॉक्सचा ताजा शिक्का बसतो आणि साचलेली घसरण शून्य होते. मध्यंतरानंतर तुमच्याकडे हेच आपोआप झालं. ४० पीपीएमच्या कॅमेऱ्याला एक फ्रेम सरकायला १७ मिनिटं लागतात. प्रवेश बदलताना, अंधार होतो तेव्हा, दर १५-२० मिनिटांनी असा तुकडा पाडलात तर एडिटमध्ये काहीच करावं लागत नाही. मात्र तिन्ही कॅमेरे एकाच वेळी कधीही थांबवू नका. एक थांबून सुरू झाला, लाल दिवा लागला, याची खूण मिळाली की मगच दुसरा. आमच्याकडे हे संहितेवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं, कोणता कॅमेरा कोणत्या प्रवेशाला थांबणार. पदाच्या मध्ये कुणीच थांबायचं नाही.

हे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य करतो. कॅमेऱ्यावर माणूस नसेल, वरच्या बाल्कनीत नुसता लावून ठेवलेला असेल, तर तो थांबवणार कोण? अशा जागी सगळ्यात चांगल्या क्रिस्टलचा कॅमेरा ठेवा, तुमच्याकडे तो सिने-कॅमेरा आहे. काही मिररलेस मोठ्या रेकॉर्डिंगच्या फाइली आपणच तोडतात. टाइमकोड माइकच्या खाचेतून घेत असाल तर प्रत्येक तुकडा ध्वनीवरून स्वतंत्रपणे वाचला जातो आणि तिथेही घसरण पुन्हा शून्यावर येते. जोडावर एखादी फ्रेम उडी दिसली तर घाबरू नका, ती साचलेली चूक भरून निघाल्याची खूण आहे. कॅमेरा आतला टाइमकोड चालवत असेल तर मात्र असं होत नाही, तो आपल्याच मोजणीने पुढे जातो.

माइकच्या खाचेबद्दल दोन गोष्टी, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. त्या केबलमधून जो टाइमकोड जातो तो प्रत्यक्षात ध्वनी असतो. एका फ्रेमला ८० बिट, २५ फ्रेमला सेकंदाला २००० बिट, म्हणून कानाला तो कर्कश किरकिरीसारखा लागतो. तो ट्रॅक माइकच्या पातळीला नोंदवायला हवा. बॉक्सवर माइक की लाइन ही निवड असते, ती माइकवर ठेवा. कॅमेऱ्यातली आपोआप पातळी सांभाळणारी सोय बंद करा आणि मीटर उणे २० ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. फार मोठा केलात तर लाट कापली जाते, शेजारच्या चॅनलवर गळते आणि तुमचा संदर्भाचा आवाज खराब होतो. फार लहान ठेवलात तर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. रिझॉल्व्हमध्ये आधी प्रोजेक्टचा दर २५ करा, मग क्लिप निवडून ऑडिओ ट्रॅकवरून टाइमकोड अद्ययावत करण्याची आज्ञा द्या. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ४के आणि ६के कॅमेऱ्यांना हे काही करावं लागत नाही, ते ३.५ मिलिमीटरच्या खाचेतला टाइमकोड स्वतःच ओळखतात.

बॉक्स लावल्यावर प्रयोगभर काढू नका, ही माझी दुसरी हट्टाची गोष्ट. एका कीर्तन महोत्सवात मी सकाळी कॅमेऱ्यांचे आतले टाइमकोड बॉक्सशी जुळवले, त्याला आम्ही जॅम करणं म्हणतो, आणि केबलांचा गुंता नको म्हणून बॉक्स काढून ठेवले. दुपारी एका कॅमेऱ्याची बॅटरी बदलली. कॅमेरा बंद असताना त्याचं आतलं घड्याळ वेगळ्या, ढोबळ चालीवर गेलं आणि संध्याकाळपर्यंत तो बाकीच्यांपासून बराच दूर गेला होता. त्या दिवसाच्या साठेक क्लिपा मला हाताने, टाळांच्या ठोक्यावर बसवाव्या लागल्या. तेव्हापासून बॉक्स कॅमेऱ्यावर वेल्क्रोने बसतो आणि दिवस संपल्यावरच निघतो. त्याचबरोबर कॅमेऱ्याच्या मेनूत टाइमकोड फ्री रनवर आहे का ते बघा. रेक रनवर असेल तर तो फक्त रेकॉर्डिंग चालू असताना पुढे जातो आणि अनेक कॅमेऱ्यांच्या कामात त्याचा काही उपयोग नाही.

टाइमकोडचा मालक कोणाला करायचं, म्हणजे बाकीच्यांनी कोणाची वेळ घ्यायची? मी रेकॉर्डरला करतो. त्याच्या टाइमकोडवरून एक बॉक्स जॅम करायचा, त्यावरून बाकीचे, आणि मग रेकॉर्डरलाही एक बॉक्स लावून ठेवायचा. काही रेकॉर्डरांत बाहेरच्या टाइमकोडवर आतलं ऑडिओचं घड्याळ बांधायची सोय असते. बॉक्स चांगला असेल तर ती वापरता येते, पण ०.२ पीपीएमच्या रेकॉर्डरला तिची गरज नसते, आणि केबल सैल झाली तर आवाजच धोक्यात येतो. मी ती बंद ठेवतो.

एवढं सगळं असूनही मी क्लॅप सोडलेली नाही. मराठी नाटकाने आपल्याला ती आयती दिली आहे. तिसरी घंटा झाली आणि नांदीआधी पडदा हलला की आमचा माणूस विंगेच्या कडेला, तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा उभा राहून एकदा टाळी वाजवतो. शेवटी सगळे कलाकार नमस्काराला उभे राहतात तेव्हा पुन्हा एकदा. सुरुवातीच्या टाळीने टाइमकोड तपासता येतो. शेवटच्या टाळीने प्रत्येक कॅमेरा किती सरकला ते एका नजरेत मोजता येतं, नाही तर ओठ बघत बसावं लागतं. टाळी शक्य नसेल तर तबल्याची पहिली थाप चालते, फक्त ती थाप निदान एका कॅमेऱ्यात दिसली पाहिजे.

खरं सांगायचं तर तुमच्यासारख्या एकाच जागी, तीन लांब क्लिपांच्या कामाला बॉक्स नसते तरी चाललं असतं. अंकाच्या दोन्ही टोकांना टाळी आणि वर सांगितलेली कापाकापी एवढ्यावर ते निभतं. बॉक्सचे पैसे वसूल होतात ते वारीसारख्या कामात, जिथे चार माणसं चार ठिकाणी दिवसाला दीडशे क्लिपा घेतात आणि कोणती कशाबरोबर हे रात्री कुणालाच आठवत नाही. तिथे टाइमकोड एका आज्ञेत सगळं मांडून देतो. क्लिपा मिनिट-दोन मिनिटांच्या असल्याने घसरणीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा घेतलेले बॉक्स वाया गेले असं समजू नका, अशा कामाला ते लागतीलच.

कोकणात दशावतारासाठी जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाला दिवसाच्या घड्याळाचा टाइमकोड लावू नका. मध्यरात्री तो २३ तासांवरून शून्यावर येतो आणि पहाटेच्या क्लिपा टाइमलाइनवर संध्याकाळच्या आधी जाऊन बसतात. बॉक्सवर सुरुवातच १ तासापासून करा, मग पहाटेपर्यंत मोजणी सरळ चालत राहते.

शेवटी तुमच्या कॅमेऱ्यांची घरी करायची एक चाचणी. तिन्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, अंतराचा प्रश्न राहू नये म्हणून. टाळी वाजवा, ७५ मिनिटं सलग चालू द्या, पुन्हा टाळी वाजवा. पहिल्या टाळीवर सगळ्यांना जुळवून दुसऱ्या टाळीवर फरक मोजा. जो आकडा येईल तो चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या तळाला लावून ठेवा, उदाहरणार्थ, तासाला ३.६ फ्रेम सावकाश. पुढच्या प्रत्येक एडिटमध्ये किती मिनिटांनी कापायचं ते आधीच ठाऊक असेल. तापमानाने क्रिस्टल थोडा बदलतो, म्हणून ही चाचणी दोनदा करा, एकदा कॅमेरा गार असताना आणि एकदा अर्धा तास चालून तापल्यावर. प्रयोगाच्या दिवशीही कॅमेरे अर्धा तास आधी चालू करून ठेवत जा. मागे पडणारा मिररलेस त्या दिवशी दिव्यांच्या जवळ होता का तेही आठवून बघा आणि दोन्ही चाचण्यांचे आकडे मला कळवा. त्यावरून तो कोणत्या जागेवर लावावा हे नक्की सांगता येईल.